मूळ रहिवासाचा रकाना

धुळ्यातली गिरणी बंद पडली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडील सूतकताईच्या खात्यात होते. गिरणीला कुलूप लागल्यावरही ते सकाळी जेवणाचा डबा घेऊन घराबाहेर पडायचे. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांच्यासारखेच पाच-दहा जण असायचे. दुपारी तिथेच डबे उघडायचे. मी कॉलेजातून येताना त्या टपरीवरून जायची, आणि त्यांचं बोलणं रोज तेच कानावर पडायचं. देश विकून खाल्ला. पुढाऱ्यांना लाज राहिली नाही. कामं बाहेरच्यांना आणि उपास आपल्याला. बाहेरचे म्हणजे कोण, हे दर आठवड्याला बदलायचं. कधी उत्तरेकडचे, कधी मध्य प्रदेशातले, कधी नुसतेच "ते लोक".

मला ते बोलणं खोटं वाटायचं नाही. आमच्या घरात साखरेचा डबा रिकामा होता, भाऊ बारावी होऊन दोन वर्षं घरी बसला होता, आणि कोणीतरी आपलं काढून नेलंय ही भावना मलाही होती. कोणी नेलं हे कळत नव्हतं, एवढंच.

मग सेवायोजन कार्यालयातून मला कॉल आला. चोपड्याच्या तहसील कचेरीत, पुरवठा शाखेत कनिष्ठ लिपिक. आमच्या गल्लीतली सरकारी नोकरी लागलेली मी पहिली मुलगी. बुद्धविहारात माझा सत्कार झाला. वडील एस.टी. स्टँडवर सोडायला आले. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "बेटा, तठे बाहेरना लोकेस्ले एक दाना जाऊ देऊ नको. आपलं बठ्ठं त्या खाई ग्यात."

मी मान हलवली. मनापासून हलवली.

चोपड्यात पाण्याच्या बाजूला केळी आणि कोरडवाहूत कापूस. सातपुड्यावरून उतरणारी पलीकडची माणसं त्या बागांमध्ये कामाला असायची. कमी मजुरीत राबायची, बागेतच झोपडी घालून राहायची. गावातल्या मजुरांचा त्यांच्यावर राग होता, आणि त्या सालात रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा तो राग सगळ्यांचाच झाला. पिंपं आणि डबे पहाटेपासून रांगेत लागायचे. दुपारी दुकानदार सांगायचा, टँकर आलाच नाही. टँकर का आला नाही ते कुणालाच माहीत नव्हतं, पण परप्रांतीयांनी बोगस कार्डं काढलीत हे सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस कचेरीवर मोर्चा आला. त्यात डोक्यावर रिकामे डबे घेतलेल्या बायका होत्या, पदवी घेऊन बेकार असलेली पोरं होती, म्हातारे होते. मी खिडकीतून बघत होते. एका बाईने डबा फरशीवर आपटला आणि ओरडली, "आम्ही का भिकारी आहोत?" ती माझी आई असू शकली असती.

आठ दिवसांत वरून आदेश आला. तालुक्यातली सगळी कार्डं घरोघर जाऊन तपासायची. एक छापील नमुना होता. त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, व्यवसाय, आणि शेवटी 'मूळ रहिवास'.

माझ्या वाट्याला डोंगराच्या पायथ्याची काही गावं आली. बरोबर गावचा कोतवाल असायचा. आम्ही पोचायच्या आधी वस्तीला निरोप गेलेला असायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ज्याला त्याला विचारलं की उत्तर तयार, "जन्म इथलाच." मी लिहीत गेले.

एका केळीच्या बागेत, बांधाच्या कडेला एक झोपडी होती. तिथली म्हातारी बागेत पिलं कापत होती. केळीच्या बुंध्याशी जे जादा कोंब फुटतात त्यांना तिकडे पिलं म्हणतात. तिच्यापर्यंत निरोप पोचलेला नव्हता. कोतवालाने हाक मारली तशी ती विळा हातात घेऊनच आली. आधी मला पाणी दिलं. बसायला पोतं टाकलं. कार्ड मेणकापडात गुंडाळून छपरात खोचलेलं होतं, ते काढून दोन्ही हातांनी दिलं. कार्डावर नवऱ्याचं नाव होतं.

"नवरा कुठंय?"

तिने बागेतल्या विहिरीकडे बोट दाखवलं. विहीर खोदताना सुरुंग उडाला त्यात गेला होता. बरीच वर्षं झाली होती.

मी हळू आवाजात विचारलं, "मूळ गाव कोणतं, आजी?"

कोतवाल खाकरला. ती माझ्याकडेच बघत होती. "मी सेंधवाकडनी शे, माय," ती म्हणाली. "पन मना बठ्ठा जलम आठेच गया."

दुसरं वाक्य लिहायला नमुन्यात जागा नव्हती. मी 'मध्य प्रदेश' असं लिहिलं. कोतवाल वाटेत म्हणाला, "ताई, तो रकाना कोरा सोडला असता तरी चाललं असतं." मला त्याचा राग आला. मी त्याला म्हटलं, "मी खरं तेच लिहिणार." त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटत होता. वडिलांना पत्रात कळवावं असंही वाटलं.

रद्द कार्डांची यादी कचेरीच्या फलकावर लागली. दोन दिवस लोक येऊन वाचत होते. काहींनी पेढे वाटले. यादी वरून खालपर्यंत पाहिली तर त्यात सगळी डोंगराकडची, बागांत राबणारी, निरोप न पोचलेली माणसं. गावात एकेका घरात तीन-तीन कार्डं होती, ती कुठेच नव्हती. तपासणीवर देखरेख करणाऱ्या समितीत त्याच घरांतली माणसं होती. पुढच्या महिन्यातही रॉकेलची रांग तेवढीच लांब होती. मोर्चा मात्र परत आला नाही. लोकांना जे पाहिजे होतं ते मिळालं असावं.

बाजाराच्या दिवशी म्हातारी कचेरीत आली. कुणीतरी तिला माझं टेबल दाखवलं. तिने कार्ड माझ्यासमोर ठेवलं. त्यावर तांबड्या शाईची तिरकी रेघ होती.

"तूच लिखं ना, माय?"

"हो."

"मंग तूच पुसी टाक."

ती रागावलेली नव्हती. तिला ते अगदी सोपं वाटत होतं. मी तिला सांगितलं की आता ते माझ्या हातात नाही. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

मी तिच्या वतीने अर्ज लिहिला आणि अंगठा घेतला. नायब तहसीलदारसाहेबांकडे घेऊन गेले. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, तुमच्याच हातचा अहवाल आणि तुमच्याच हातचा अर्ज. मी काय करू? इथं पंधरा वर्षं राहते असा कागद आणा. मालकाचं पत्र आणा."

बागेच्या मालकांना सगळे नाना म्हणायचे. मी रविवारी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, आणि मी विषय काढायच्या आधी तासभर सरकारचा उद्धार केला. केळीला वॅगन वेळेवर मिळत नाही, माल फलाटावर काळा पडतो, वीज दिवसा नसते, खताच्या गोणीमागे कुणाकुणाचे पाय धरावे लागतात. "ताई, हा देश आता राहायच्या लायकीचा राहिला नाही," ते म्हणाले. मग मी पत्राचं बोलले.

त्यांनी कपबशी बाजूला सारली.

"ती चांगली बाई आहे," ते म्हणाले. "पण मी लिहून दिलं की ही माझ्याकडे इतकी वर्षं कामाला आहे, तर उद्या कामगार कायदा माझ्या दारात येईल. तिचा नवरा कुठं मेला तेही निघेल. तेव्हा काही लिहिलं नव्हतं, आता कसं लिहू?"

"नाना, तुमच्या विहिरीत मेला तो."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते. पण पत्र दिलं नाही.

मी रजा काढून अर्ज घेऊन जळगावला गेले. जिल्हा पुरवठा कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. मी त्याच खात्याची, म्हणून खुर्ची मिळाली, एवढाच फरक. शेवटी एका वयस्कर लिपिकाने सांगितलं, "तिकडे तिचं नाव नाही असा मूळ गावचा दाखला आणा, मग बघू." बाहेर व्हरांड्यात माणसं नुसती बसून होती. कुणी बोलत नव्हतं. धुळ्याच्या टपरीवर निदान शिव्या तरी ऐकू यायच्या.

म्हातारी दाखला आणायला गेली. जीपने घाट ओलांडून, पुढे पायी. दहा दिवसांनी परत आली. तिकडच्या सरपंचाने सांगितलं होतं, तू लग्न होऊन गेलीस, तू महाराष्ट्रातली, तुझा कागद आम्ही का द्यावा? भाऊ मेले होते. भाच्यांनी ओळखलं नाही. हे सगळं तिने एकाच सुरात सांगितलं, आणि मग विचारलं, "आते काय करवो, माय?"

मी म्हटलं, "बघू."

त्या दिवाळीला धुळ्याला गेले तेव्हा भाऊही आलेला होता. वर्षभरापूर्वी तो सुरतेला गेला होता, यंत्रमागावर. बारा तासांची पाळी, एका खोलीत नऊ जण. फराळ करताना तो सहज बोलून गेला की तिथे त्याला रेशनकार्ड देत नाहीत. नळावर बायका बाजूला सारतात. "आम्हले बाहेरना म्हनतस," तो म्हणाला.

वडिलांनी ताटली खाली ठेवली. "आपन काय परदेशमाईन उनूत का? कारखाना त्यासना, आनि घाम आपला!" त्यांचा आवाज गल्लीत ऐकू गेला असेल.

मी तेव्हा म्हातारीची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. मी काय लिहिलं, कुणाचं ऐकून लिहिलं, तेही. मला वाटत होतं की ते काहीतरी बोलतील. नुसतं "चुकलं" म्हणाले असते तरी मला पुरलं असतं. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "ती गोट वायली शे."

"काय वेगळं आहे त्यात, आबा?"

"वायली शे," ते पुन्हा म्हणाले आणि उठून बाहेर गेले. भावाने मला डोळ्यांनीच खुणावलं, पुरे. आम्ही तो विषय घरात पुन्हा काढला नाही. वडील टपरीवर तेच बोलत राहिले. फक्त त्यात आता सुरतवाल्यांनाही शिव्या असायच्या.

म्हातारी पुढे दर बाजारी यायची, मग एक बाजार आड, मग कधीतरी. उघड्या बाजारातून ज्वारी घ्यावी लागते म्हणून ती एक वेळच चूल पेटवते असं कोतवालाने सांगितलं. मी माझ्या पगारातून तिला धान्य घेऊन द्यायचा प्रयत्न केला. एकदा तिने घेतलं. दुसऱ्यांदा पोतं तसंच टेबलाशी ठेवून गेली. म्हणाली, "तुनं नको. मना कारडनं दे." तेव्हा तिच्या एका डोळ्यात फूल पडलेलं होतं, विळा धरताना हात चुकायला लागला होता.

वडील आजारी पडल्यावर मी धुळ्याला बदली मागितली. ती वर्षभराने झाली. जाण्याआधी एकदा तिला भेटावं म्हणून बागेकडे गेले. झोपडीला दार नव्हतं, आत काही नव्हतं, चुलीतली राखसुद्धा धुऊन गेलेली. कोतवाल म्हणाला, ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक आला होता, त्यात बसून गेली. गुजरातेत.

"या वयात? उसाला?"

"दिसत नव्हतं तिला, ताई. मुकादम नको म्हणत होता. पण स्वयंपाकाला येते म्हणून बसली."

"कोणत्या गावाला?"

त्याला माहीत नव्हतं. नानांनाही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाचा चार्ज दिला. माझ्या जागी आलेला मुलगा पारोळ्याचा होता, हुशार, नवी नोकरी. त्याने एकेक फाइल नीट तपासून घेतली. म्हातारीचा अर्ज निघाला तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, हे प्रलंबित दिसतंय. अर्जदार कुठे आहे?"

"गाव सोडून गेली."

"मग हे निकाली काढू ना?" त्याने सरळपणे विचारलं. प्रलंबित प्रकरणांचा आकडा वाढलेला वरच्यांना चालत नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

हा अर्ज उघडा ठेवला तर कोण बघणार होतं, कधी बघणार होतं, काही सांगता येत नव्हतं. बाहेर शिपाई ओरडत होता, धुळ्याची गाडी लागली म्हणून.

"काढा," मी म्हटलं, आणि त्याने बोट ठेवलं तिथे सही केली.