सुमनताईंचं मॅचिंग

कापडाच्या दुकानात दिवसभर ब्लाउजपीस कापले की संध्याकाळी काउंटरखाली तुकड्यांचं एक पोतं भरतं. ते टाकवतही नाही आणि कामालाही येत नाही. आमच्या डान्स ग्रुपच्या किस्स्यांचं तसंच झालंय. आम्ही सात बायका, परभणीतल्या एकाच कॉलनीतल्या, पस्तीस ते पंचावन्नमधल्या. मी शाळेत शिकवते, बाकीच्यांत कुणी अंगणवाडीत, कुणी ऑफिसात, कुणी घरी. आठ वर्षांपूर्वी महिला दिनाला हौस म्हणून नाचलो आणि मग थांबलोच नाही. चौघी चहाला जमलो की पोतं उघडतंच! आणि त्यातून पहिलं नाव निघतं सुमनताईंचं. त्या आमच्यात एकदाही नाचलेल्या नाहीत, हे विशेष.

सुमनताई आमच्याच कॉलनीतल्या. बावीस वर्षं त्या बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये कामाला होत्या. साडी घेऊन कुणी आलं की पदर धरून त्या बाईला सरळ दुकानाबाहेर रस्त्यावर न्यायच्या. म्हणायच्या, "ट्यूबलाइट खोटं बोलती. भाईर उजेडात चला." दुकानात मालकाची पाटी होती, 'कापलेला माल परत घेतला जाणार नाही.' त्यावर सुमनताईंचं ठरलेलं वाक्य, "पाटी मालकाची हाय, जबान माझी. मॅच न्हाई झालं तर बेधडक परत आना!" बावीस वर्षांत एक पीस परत आला नाही. हे त्या स्वतःच सांगतात, आठवड्यातून दोनदा सांगतात, पण आहे ते खरं.

* * *

पहिल्या कार्यक्रमाला आम्ही पार्लरमधून मेकअप करून घेतला. तिथल्या पोरीने सातही जणींना एकाच डबीतून रंगवलं. घागरा-चोळी घालून आरशासमोर उभ्या राहिलो तर चेहरे पांढरेफटक आणि दंड, पोट, पाठ आपापल्या मूळ रंगात. त्यात कुणाचा भाजल्याचा डाग, कुणाच्या बाळंतपणाच्या रेघा, कुणाची चामखीळ, सगळं उठून दिसत होतं.

सुमनताई फक्त चोळ्यांना हूक लावायला आल्या होत्या. तोंडात दोरा धरूनच त्या म्हणाल्या, "तोंड मैद्याचं अन् हातपाय जवारीचे! ह्या काय भाकरी थापल्या व्हय गं?"

आणि सुई खोचून ठेवून त्यांनी आम्हाला एकेकीला अंगणात नेलं. चहाच्या बशीत दोन-तीन शेड कालवल्या, मनगटाला लावून उन्हात धरून बघितल्या आणि आमचे नंबर पाडले. "तू बदामी. तू लाइट कॉफी. मॅडम, तुमी डार्क चिक्कू."

मी म्हटलं, "अहो ताई, मी गव्हाळ आहे. लग्नाच्या बायोडाटात लिहिलं होतं!"

"बायोडाटा ट्यूबलाइटमध्ये लिहिला असंल," सुमनताई म्हणाल्या.

* * *

आमच्यात सगळ्यात चांगली नाचते ती संगीता. माहेर-सासर दोन्ही शेतकऱ्यांचं, सासर पोखर्णीचं. अंगात ताल असा की नुसती चालली तरी बघत राहावं. पण जुळ्या मुली झाल्या आणि तिच्या पोटावर बेंबीपासून कमरेपर्यंत जांभळट रेघा उमटल्या. तिने ग्रुप सोडला. आम्ही ओढून आणलं तर डावा हात पोटावर ठेवूनच नाचायची. ओढणीला चार पिना, त्यावर पुन्हा हात! आमचे डान्सचे सर वयाने आमच्या पोरांएवढे, ते बिचारे हैराण. "संगीता मॅडम, डाव्या हाताला काही लागलंय का?"

संगीता एकदा माझ्याजवळ रडली. म्हणाली, "मॅडम, नाचताना माझं सगळं ध्यान तिथंच ऱ्हातंय. लोक तेवढंच बघायलेत असं वाटतंय. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

मी सुमनताईंना सांगितलं. त्यांनी तीन दुपारी संगीताला घरी बोलावून घेतलं. जांभळ्या रेघेवर थेट अंगाचा रंग लावला की ती राखाडी दिसते, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. मग आधी रेघेवर बारीक काडीने केशरी रंग. तो जांभळ्याला खातो. त्यावर अंगाची शेड, चोळून नाही, बोटाने टिपून टिपून. मग पावडर. आणि एप्रिलमध्ये आमच्या परभणीत मेकअपच काय, माणूसही वितळतो, म्हणून मुळात तुरटीच्या पाण्याने पुसून घेतलेली कातडी.

चौथ्या दिवशी प्रॅक्टिसला गाणं सुरू झालं आणि संगीताचा डावा हात वर गेला. असा गेला की मला भरून आलं! अख्ख्या गाण्यात तो खाली म्हणून आला नाही.

सर ओरडले, "मॅडम, छान आहे, पण आता खाली आणा! स्टेप बदलली!"

* * *

ताडकळसला बचत गटाच्या मेळाव्यात आमचा नाच होता. आमची एन्ट्री झाली आणि लाइटवाल्याने निळा लाइट मारला. उन्हात मॅच केलेलं सगळं निळ्यात फुटलं. सातही जणींच्या अंगावर राखी ठिगळं! संगीताचा हात लगेच खाली यायला लागला, ते सुमनताईंनी समोरून बघितलं.

त्या तडक लाइटवाल्याच्या टेबलाकडे गेल्या. "पांढरा लाव."

तो म्हणाला, "मावशी, ब्लूमध्ये माहोल येतो."

"माहोल तुझ्या घरी लाव! हितं माझ्या पोरी नाचायल्यात!" म्हणून त्यांनी स्वतःच खटके दाबायला सुरुवात केली. पाच सेकंदांत लाल, हिरवा, मध्येच सगळा गुल असं होऊन शेवटी पांढरा लागला. लोकांना वाटलं, हा स्पेशल इफेक्टच आहे. शिट्ट्या पडल्या!

तेव्हापासून कुठेही कार्यक्रम असो, सुमनताई दोन तास आधी जाऊन लाइट बघून येतात. तोच लाइटवाला आता बुकिंग मिळालं की त्यांनाच फोन करतो, "मावशी, तुमच्या पोरी असतील तर निळा गाडीत घालू का नको?"

* * *

संगीताची सासू म्हणजे वेगळाच मामला. "लेकराच्या आया अशा उघड्या पोटानं नाचत्यात व्हय?" हे त्यांचं मत, आणि ते त्या पोखर्णीहून फोन करून सांगायच्या. एकदा पुतणीच्या लग्नाला त्या परभणीला आल्या. गालावर दोन्ही बाजूंना वांगाचे काळे डाग, त्यामुळे फोटोग्राफर दिसला की पदर तोंडावर. घरातल्या एकाही लग्नाच्या फोटोत त्यांचा चेहरा नाही.

सुमनताई लग्नाला होत्याच. त्यांनी संगीताच्या सासूबाईंना हाताला धरून मांडवाबाहेर नेलं. उजेडात! पर्समधून बशी काढली. वीस मिनिटांनी सासूबाई आत आल्या आणि फोटोग्राफरसमोर जाऊन उभ्या राहिल्या, नवरा-नवरीच्या मधोमध.

त्या दिवसापासून नाचाबद्दल एक शब्द नाही. प्रॅक्टिसच्या दिवसांत त्या स्वतःच येऊन राहतात. संगीता उशीर करायला लागली की म्हणतात, "जाय ना लौकर! लेकरं मी बघायलेय न्हवं?"

* * *

हा किस्सा माझा आहे, म्हणून थोडक्यात. माझ्या उजव्या दंडावर कुकरच्या वाफेचा मोठा डाग आहे. चारठाण्याच्या कार्यक्रमात बक्षीस घेताना फोटोसाठी सगळे इतके दाटीने उभे राहिलो की माझा दंड बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाला चिकटला. त्या दिवशी तुरटीचं पाणी घरी विसरलं होतं. पाहुणे स्टेजवरून उतरले तेव्हा त्यांच्या छातीवर ठळक डार्क चिक्कू!

दोन दिवस मी फोन सायलेंटवर ठेवला. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या मिसेसचा फोन आलाच. मी आधीच माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, "ते राहू द्या हो. तीनदा धुतला, शर्ट विरला पण डाग निघाला नाही. कोणती कंपनी आहे?"

* * *

गेल्या वर्षी काहीतरी बिनसायला लागलं. सुमनताई उजेडात जास्त वेळ उभ्या राहू लागल्या. बशी डोळ्यांजवळ धरायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, हे झाकन काढून द्या," आणि मी झाकण काढताना शेडचं नाव मोठ्याने वाचलं तसं त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मेंदी रंगाच्या चोळीला त्यांनी तपकिरी दोऱ्याने हूक लावले. आम्ही एकमेकींकडे बघितलं. ज्या बाईच्या नजरेची अख्ख्या बाजारात शपथ खायचे, तिला 'तुम्हाला दिसत नाही' हे कोण सांगणार?

आणि जिल्ह्याची स्पर्धा आली. आमचं सुगीचं गाणं होतं, संगीता सगळ्यांत पुढे. ग्रीन रूमच्या मागच्या दाराशी उन्हात सुमनताईंनी तिचं पोट रंगवलं. खूप वेळ लावला. टिपलं, पुन्हा टिपलं. संगीता आत आली, आरशासमोर उभी राहिली आणि तिचा चेहरा पडला. मीही बघितलं. वरची शेड पुरली नव्हती आणि खालचा केशरी तसाच दिसत होता. बेंबीपासून कमरेपर्यंत केशरी पट्टे! नुसत्या रेघा असत्या तर पाचव्या रांगेतून दिसल्या नसत्या. हे पट्टे फाटकाबाहेरून दिसले असते.

मागून सुमनताई आल्या. हात पुसत पुसत विचारलं, "मॅच झालं ना गं?"

मी तोंड उघडलं. संगीताने माझं मनगट दाबलं. "एकदम मॅच झालं, ताई," ती म्हणाली.

त्या बाहेर गेल्यावर मी घाईघाईने पिना काढल्या. "थांब, ओढणी पुढून लावू. नाहीतर पुसून टाकू."

"नगा मॅडम. ताई म्होरंच बसनारेत. ओढनी लावली की इचारतील, का लावली."

"अगं, पण एवढे लोक!"

"लोक बघतील की. बघू द्या," असं म्हणून ती विंगेत जाऊन उभी राहिली. सवयीने तिचा हात पोटावर गेला, ते मी पाहिलं. पण गाणं सुरू झालं आणि तिचा डावा हात वर गेला तो शेवटपर्यंत वरच. इतकी सुंदर ती त्याआधी कधी नाचली नव्हती. मी मागच्या रांगेत दोन स्टेप चुकले, कारण डोळ्यांत पाणी होतं.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. परीक्षक बाई माइकवर म्हणाल्या, "पीक राखणाऱ्या बाईमध्ये वाघीण दाखवायची, आणि त्यासाठी पोटावर पट्टे! काय कल्पक रंगकाम!" आम्ही सात जणी खाली मान घालून उभ्या. समोर बसलेल्या सुमनताईंनी 'रंगकाम' तेवढं ऐकलं आणि शेजारच्या बाईला सांगितलं, "मी केलंय ते."

* * *

नंतर मी 'माझा चष्मा बदलायचाय, सोबत चला' म्हणून सुमनताईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे गेल्यावर हळूच त्यांनाच खुर्चीत बसवलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू! दीड महिन्यात दोन्ही ऑपरेशनं झाली. दुसरी पट्टी निघाल्यावर आम्ही सगळ्या भेटायला गेलो. सुमनताई काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या आणि भलत्याच खुशीत होत्या. "आगं माय, ही भिंत पांढरी हाय! मी वर्षभर पिवळी समजायले," असं चाललं होतं. संगीताने सगळ्यांना चहा दिला.

मग सुमनताई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या मोबाइलमध्ये त्यो स्पर्धेचा व्हिडिओ हाय ना? लावा बरं. तवा बघितला, पन धड दिसला न्हाई."

मी म्हटलं, डिलीट झाला. बाकीच्या म्हणाल्या, चहा गार होतोय. पण सुमनताईंनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि आपल्या मुलीला हाक मारून व्हिडिओ शोधून घेतला.

काळा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो पूर्ण बघितला. परीक्षक बाईंच्या भाषणासकट बघितला. मग पुन्हा मागे घेऊन, संगीताचा हात वर जातो तिथे थांबवला. 

मोबाइल खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बावीस वर्षांत माझा एक पीस परत आला न्हाई." आणि संगीताकडे बघितलं. "संगे, तू का परत केला न्हाईस गं?"

संगीता कप गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

"कापलेला माल परत घेत न्हाईत ना, ताई. पाटी व्हती की दुकानात."