चौघांत वाटलेल्या गोळ्या

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही मला नीट जमत नाही, त्याबद्दल माफी. चौथीनंतर वही हातात धरली नव्हती. हे कुणाला दाखवायचं नाही, पण त्या मिस्त्रीबद्दल कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं.

मी जोगेश्वरीला डबे करते. गल्लीच्या टोकाच्या खोलीत प्लास्टरचं काम करणारे नऊजण राहतात, सगळे युपीचे. तेलाची बाटली एक, आरसा एक, चादर ज्याच्या हाताला येईल त्याची. एकाच्या गावाहून लाडू आले तर नऊ वाटे होतात.

रविवारी तिथे एका संस्थेची ताई आजारांची माहिती द्यायला यायची. बाहेरच्या बाईकडे गेलं तर कोणते आजार लागतात, निरोध कसा वापरायचा, लघवीला जळजळ झाली तर कुठे जायचं, सगळं सरळ सांगायची. मी डबे घेऊन गेले आणि ते कानावर पडताच दारातच थिजले. एकजण म्हणाला, "दीदी, मौसी खडी है."

"मौसी को भी सुनने दो. सुनने से किसी का पेट नहीं फूलता."

सगळे हसले. मीही तोंडाला पदर लावून हसले.

त्यांच्यातला मोठा मिस्त्री दुसऱ्या दिवशी एकटाच पालिकेच्या दवाखान्यात गेला. सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, बायकोलाही तपासून घ्या म्हणून सांगितलं. पण खोलीत आणखी तिघांना तोच त्रास होता आणि त्यांना दवाखान्याची लाज. मिस्त्रीने लाडू वाटावेत तशा गोळ्या चौघांत वाटल्या. दोन दिवस सगळ्यांना बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

पुढच्या रविवारी ताईने रिकामं पाकीट पाहिलं. "सात दिन की दवा दो दिन में? चिवडा था क्या?" मिस्त्रीने खरं ते सांगितलं. मग ती शांतपणे म्हणाली, अर्धवट घेतलं की आजार जात नाही, उलट पुढे तेच औषध लागू पडत नाही. सोमवारी ती चौघांनाही दवाखान्यात घेऊन गेली आणि बाहेर बाकावर बसून राहिली.

राहिली मिस्त्रीची बायको. तो होळीला गावी जाऊन आला होता आणि आता तिला तिसरा महिना होता. तिला आजार लागला असेल तर पोटातल्या बाळालाही धोका, असं ताईने सांगितलं होतं. खोलीत आठजण ऐकणार, म्हणून फोन करायला तो माझ्या दारात आला. मी आत कणीक मळत होते. ऐकायचं नव्हतं, पण घर केवढं.

"गलती मेरी है, तेरी नहीं. तू जाँच करा ले." पलीकडून ती बराच वेळ बोलत राहिली. मग हा म्हणाला, "ठीक है, मत आने देना घर में. पहले दवाखाने जा."

माझी कणीक परातीतच राहिली. माझे मालक चांगले होते, पण असं कधी बोलले असते का, आणि मी तरी विचारलं असतं का? लाजेपायी मीच कितीतरी दुखणी अंगावर काढली.

तीन दिवस तिचा फोन नाही. मिस्त्री डबा अर्धाच खायचा. चौथ्या दिवशी तिने कळवलं, जिल्ह्याच्या दवाखान्यात जाईन, पण गाडीभाडं आणि तिथे राहायला पैसे लागतील. ठेकेदाराने मजुरी अडकवली होती. मी डाळीच्या डब्यातले तीन हजार काढून दिले. तो म्हणाला, "मौसी, डब्बे के हिसाब में मत जोड़ना. ये अलग है."

तपासणीत तिलाही आजार निघाला. बाळाला चालेल असं औषध तिला दिलं, तिने ते पूर्ण घेतलं. पुढे मुलगी झाली, दोघी धडधाकट आहेत. मिस्त्री बारशाला गेला तेव्हा तिने त्याला घरात घेतलं. बोलली मात्र नाही म्हणे, दोन दिवस.

परत आल्यावर त्याने मला शेवटचे पाचशे दिले. थोडे थोडे करत तीन हजार पूर्ण फिटले.