भट्टीत न गेलेले पक्षी

त्या पेटीत एकशे वीस टाइल्स होत्या आणि त्यातल्या चार मी फोडल्या. एवढं एक वाक्य मी त्याच दिवशी कुणाजवळ बोललो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी कुवेतमध्ये एका लहानशा बांधकाम कंपनीत साइट इंजिनीअर होतो. मूळचा नाशिकचा. मंगफमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. कंपनीकडे एका व्हिलाचं काम आलं होतं. मालकीणबाईंना आम्ही सगळे मादाम म्हणायचो. त्या तरुणपणी काही वर्षं इटलीत राहिल्या होत्या. अंगणातल्या कारंज्यामागच्या भिंतीवर त्यांना पक्षी बसलेलं डाळिंबाचं झाड हवं होतं, तेही हाताने रंगवलेल्या टाइल्सचं. त्यांच्या आईच्या घरी अंगणात तसं झाड होतं आणि ते घर युद्धात जळालं, असं त्यांनी मला एकदा सहज सांगितलं होतं. टाइल्स इटलीतल्या देरुता नावाच्या गावाहून येणार होत्या. त्या गावात पिढ्यानपिढ्या मातीची भांडी आणि टाइल्स रंगवायचंच काम चालतं.

पेटी एका गुरुवारी आली. शुक्रवारी सुट्टी. बायकोला आणि मुलीला टाइल्स दाखवाव्यात म्हणून मी त्यांना साइटवर घेऊन गेलो. पेटी मिस्त्रीच्या हजेरीत उघडायची, असा कंपनीचा नियम होता. मी एकट्यानेच उघडली. आत भुशात टाइल्सचे थर होते, प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या रंगात आकडा. मी वरच्या थरातल्या काही टाइल्स उचलून मुलीला पक्षी दाखवायला वळलो आणि बूट भुशावरून घसरला. चार टाइल्स काँक्रीटवर पडल्या. दोन पक्ष्यांची डोकी, एक पिकलेलं डाळिंब आणि पानांची एक फांदी.

बायको म्हणाली, "उद्या सांगून टाका. अपघात आहे तो."

"सांगतो," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी मॅनेजर ऑफिसात दुसऱ्याच एका इंजिनीअरला झापत होता. त्याच महिन्यात माझ्या कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण होतं. मी आत गेलो, सिमेंटच्या ऑर्डरवर सही घेतली आणि बाहेर आलो.

टाइल्स बसवणारा मिस्त्री पेणजवळच्या एका गावचा होता. पंचेचाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. घरच्यांना गावी ठेवून फाहाहीलला एका खोलीत सहाजणांबरोबर राहायचा. लहानपणी मामाच्या गणपतीच्या कारखान्यात तो मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा, हे मला ठाऊक होतं. साइटवरच्या केबिनमध्ये त्याने खडूने काढलेला एक गणपती होता आणि त्याच्या डोळ्यांकडे बघितल्याशिवाय केबिनमधून कुणी बाहेर पडत नसे. मी तुकडे पिशवीत घालून त्याच्याकडे नेले.

त्याने ते गोणपाटावर जुळवून मांडले. बराच वेळ वाकून बघितलं.

"पानं रंगवणारा वेगळा आणि पक्षी रंगवणारा वेगळा," तो म्हणाला. "पानांचा हात हलका हाय. बाईमाणूस असंल."

"मिस्त्री, तुम्हाला असं रंगवता येईल का?"

"येईल. पण साहेब, हे भट्टीत भाजलेलं हाय. रंग काचेच्या आत गेलाय. माझा रंग वर बसंल. पाणी आणि ऊन लागलं की टिकणार नाय."

"काम सुपूर्द होईपर्यंत टिकलं तरी पुरे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "फुटल्या कशा?" असं त्याने विचारलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाला.

मी शुवैखच्या बाजारातून त्याच मापाच्या साध्या पांढऱ्या टाइल्स, इनॅमलचे रंग आणि लाखेचं पॉलिश आणलं. चार दिवस दुपारच्या सुट्टीत बाकीचे जेवून आडवे झाले की मिस्त्री केबिनमध्ये बसायचा. आधी त्याने टाइलचा झगझगीत पांढरेपणा कमी करून तो दुधट केला. मग पक्षी. ब्रश नुसता टेकवायचा आणि मनगट फिरवून उचलायचा. पुन्हा त्या जागी हात नाही. मी दाराशी उभा राहून बघायचो. डोळा काढताना त्याने श्वास रोखला होता. चारही टाइल्स तयार झाल्या तेव्हा अस्सल टाइल्सच्या शेजारी ठेवून मी पुन्हा पुन्हा पाहिलं. कुठल्या कुठल्या, ते मला पाठीवरचा आकडा पाहूनच कळायचं. तो आकडाही मिस्त्रीने घातला होता.

झाड भिंतीवर चढलं. मादाम येऊन त्यासमोर उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मला तेव्हा बरं वाटलं, हेही कबूल करायला हवं.

घरी जेवताना मुलीने विचारलं, "बाबा, डिड यू टेल देम?"

"हो, सांगितलं," मी म्हणालो. बायको पानातून वर न बघता वाढत राहिली.

काम संपत आल्यावर देरुताहून एक म्हातारा कारागीर आला. भिंत तपासून द्यायची, असं ठरलेलंच होतं. सत्तरीचा असेल. बोटं रंगाने नाही तर वयाने काळवंडलेली, इंग्रजी मोडकंतोडकं. तो भिंतीसमोर उभा राहिला, तेव्हा मॅनेजर आणि मादाम चार पावलांवर होते. मिस्त्री खाली बसून स्पंजने सांधे पुसत होता. म्हाताऱ्याने एकेका टाइलवरून हात फिरवला. वरच्या पक्ष्यापाशी थांबला. नखाने हळूच टिचकी मारली, मग शेजारच्या टाइलवर मारली. आवाज वेगळा आला. मलाही तो ऐकू आला.

त्याने मला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "हा पक्षी कुणी केला?"

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. डोळे चमकत होते. एखादा माणूस परक्या गावात आपल्या भाषेतला शब्द ऐकून वळून बघतो, तसा तो माझ्याकडे बघत होता.

मिस्त्रीचा स्पंज थांबला होता. त्याला इंग्रजी बेताचंच यायचं, पण एवढा प्रश्न त्याला कळला होता. तो उठून उभा राहिला. हात पँटला पुसले.

मी म्हणालो, "पेटीतून असाच आला."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला, मग मिस्त्रीकडे. मिस्त्री खाली बसला आणि सांधे पुसायला लागला.

म्हातारा मॅनेजरला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी साइटवर गेलो तर तो आणि मिस्त्री प्लायवुडच्या एका तुकड्यावर ओणवे झाले होते. म्हाताऱ्याने पेन्सिलीने एक पक्षी काढला होता, त्याच्यासमोर मिस्त्रीने एक. हातवाऱ्यांनी म्हातारा त्याला सांगत होता की आमच्याकडे टाइल पांढऱ्या द्रावात बुडवतात, ते वाळून पिठासारखं होतं आणि त्यावर रंग लावला की ते लगेच पिऊन टाकतं. पुसायची सोय नाही. मिस्त्री मान डोलावत होता. मग मिस्त्रीने पानाकडे बोट दाखवून बाईसारखा पदर घेतल्याचा हावभाव केला. म्हातारा मोठ्याने हसला. "माय सिस्टर," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पानं माझी बहीण करते. याला कसं कळलं?"

मी मिस्त्रीला तेवढं मराठीत सांगितलं. त्या दिवशी मी त्याच्यासाठी केलेली तेवढीच गोष्ट.

विमानतळावर मीच म्हाताऱ्याला सोडायला गेलो. अहमदीच्या बाजूने रिफायनरीच्या ज्वाळा दिसत होत्या आणि तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग त्याने सांगितलं की गावी त्याच्या दोन्ही मुलांना हे काम नको आहे, एक बँकेत आहे, दुसरा मिलानला. आणि म्हणाला, "त्या चार टाइल्स मी पुन्हा करून पाठवतो. पैसे नकोत. कुणाला काही कळणार नाही. जुन्या काढून नव्या लावा. रंग भाजलेला नाही, पाण्यात उतरेल. त्या माणसाचा हात चांगला आहे, त्याची बदनामी होऊ नये."

होकार द्यायला एक शब्द पुरला असता. पण टाइल्स येणार कंपनीच्या पत्त्यावर, कागद होणार, मॅनेजर विचारणार. मी म्हणालो, "सर, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. टाइल्स पेटीतल्याच आहेत."

 निरोप घेताना त्याने हात पुढे केला, मी तो हातात घेतला. त्याच्या आठवणीने आजही माझा तळवा जड होतो.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मादामांचा फोन आला. कारंज्याच्या तुषारांनी आणि उन्हाने चार टाइल्सचे पापुद्रे सुटले होते. पक्ष्यांचे डोळे आधी गेले होते. मॅनेजर, मी आणि मिस्त्री तिथे गेलो. मादाम भिंतीकडे पाठ करून खुर्चीवर बसल्या होत्या. "माझ्या आईच्या झाडाबरोबर तुम्ही असं का केलंत?" त्यांनी मॅनेजरला शांतपणे विचारलं.

मॅनेजर माझ्याकडे वळला. "हे कुणाचं काम?"

भिंत कुणी बसवली, हे कागदावर होतंच. मी म्हणालो, "टाइल्स मिस्त्रीच्या ताब्यात होत्या. बसवताना फुटल्या असतील आणि त्याने परस्पर काहीतरी केलं असेल. मला कल्पना नव्हती."

मॅनेजरने हिंदीत मिस्त्रीला विचारलं, "तूने किया?"

मिस्त्रीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी नजर वळवली नाही, तेवढंच जमलं. तो म्हणाला, "हां साब. मैंने किया."

त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, त्या वर्षी वाढवला गेला नाही. महिन्याभरात तो गावी गेला. जायच्या आदल्या शुक्रवारी तो आमच्या फ्लॅटवर आला. मला वाटलं, आता बोलेल. बायकोने त्याला जेवायला बसवलं. तो आमटीभात जेवला, मुलीला अभ्यासाचं विचारलं. मी खाली सोडायला गेलो तेव्हा जिन्यात म्हणालो, "मिस्त्री, माझ्यामुळे—"

"तुमची पोरगी शाळेत हाय," तो म्हणाला. "माझा पोरगा कमवायला लागला. जाऊ द्या."

पुढची सात-आठ वर्षं मी कुवेतमध्येच होतो. पद वाढलं, फ्लॅट मोठा झाला. मुलगी कॉलेजात जाण्याआधी एकदा सहज म्हणाली, "यू नेव्हर टोल्ड देम, नो?" तिला सगळं आठवत होतं. बायकोने मात्र तो विषय कधीच काढला नाही, आणि तेच जास्त टोचायचं.

सुट्टीवर आलो असताना एकदा मी पेणला उतरलो. शोधायला फारसा त्रास झाला नाही. श्रावण तोंडावर आला होता आणि मिस्त्री एका पत्र्याच्या शेडमध्ये मूर्तींच्या रांगेत बसला होता. केस पांढरे झाले होते. त्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं, चहा मागवला.

मी या वेळी आडून काही बोललो नाही. टाइल्स मी फोडल्या, दोष तुमच्यावर ढकलला, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली, असं सगळं सरळ सांगितलं. हे त्याला आधीच माहीत होतं. माझ्या तोंडून ऐकायचं बाकी होतं.

तो ब्रश पाण्यात धूत राहिला. मग म्हणाला, "नोकरीचं मी धरून बसलो नाय. नोकऱ्या काय, जातात, मिळतात. पण त्या म्हाताऱ्याने विचारलं ना, कुणी केला म्हणून. साहेब, आयुष्यात माझं काम बघून तसं कुणी विचारलं नव्हतं. गणपती विकतात, तर कारखान्याच्या नावावर. टाइल लागतात, तर कंपनीच्या नावावर. मी उठून उभा राहिलो होतो. तुम्ही म्हणालात, पेटीतून आला."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला वाईट वाटलं ते तेवढ्याचं," तो म्हणाला. "बाकी तुमच्यावर राग नाय."

राग आहे असं म्हणाला असता तर मी मोकळा झालो असतो, असं मला वाटलं. आणि हे असं वाटणंसुद्धा स्वार्थाचंच होतं.

कुवेतला परतल्यावर मी मॅनेजरला खरं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या वर्षांनी? व्हिला विकला गेला. नव्या मालकाने अंगण फोडून गॅरेज केलं." मादाम कुठे गेल्या, त्याला ठाऊक नव्हतं. मी देरुताच्या त्या कारखान्याला पत्र लिहिलं. चार पानांचं, पक्षी कुणी केला ते सांगणारं, मिस्त्रीच्या पूर्ण नावगावासह. महिन्या-दीड महिन्याने म्हाताऱ्याच्या बहिणीचं उत्तर आलं, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. भाऊ आदल्या हिवाळ्यात वारला होता. कुवेतमधल्या त्या माणसाबद्दल तो घरी सांगायचा, असं तिने लिहिलं होतं. नाव माहीत नसल्यामुळे "डाळिंबवाला" म्हणायचा.

ते पत्र मी मराठीत उतरवून मिस्त्रीला पाठवलं. त्याला ते मिळालं का, मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.