शोकसभेत माझा माईक बंद झाला

माझी एक विद्यार्थिनी परदेशात युद्धाच्या बातम्या द्यायला गेली होती. पावाच्या रांगेतल्या बायांशी बोलत असताना तोफगोळा पडला आणि ती गेली. बातमी दिग्रसला पोचली तशी आमच्या शाळेला आठवण झाली, की पोरगी आपली होती.

चौथ्या दिवशी शोकसभा. फ्लेक्सवर तिचा फोटो लहान, हात जोडलेल्या संस्थाध्यक्षांचा मोठा. अध्यक्ष म्हणाले, "देशासाठी शत्रूशी लढता लढता आमच्या लेकीला वीरमरण आलं."

कोणता शत्रू, ते त्यांनाही माहीत नसावं. पहिल्या रांगेत बसलेली तिची आई म्हणाली, "ते लढाले नोती गेली, सायेब. लिहाले गेलती."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि पुन्हा वीरमरणच म्हणाले. मग मुख्याध्यापकांनी सांगितलं, की तिच्या हाती लेखणी आम्हीच दिली.

मग मी, निवृत्त मराठी शिक्षक. दोन मिनिटं बोला, चांगलंच बोला, अशी ताकीद होती. 'तेजस्वी तारका' वगैरे लिहूनही आणलं होतं. आईकडे पाहिलं आणि कागद खिशातच ठेवला.

सांगितलं, की आठवीत तिने भित्तिपत्रकात शाळेच्या खिचडीतल्या अळ्यांची बातमी लिहिली. किती दिवस, कोणत्या वर्गाला, सगळं व्यवस्थित. याच मुख्याध्यापकांनी हुकूम सोडला आणि मी ती फाडली. ती शेजारीच उभी होती. "सर, खोटं काय हाये त्यात?" मी म्हणालो, "खोटं नाही, म्हणूनच तर."

इथे माईक बंद झाला. लाईट गेली म्हणाले. अध्यक्षांच्या डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता. लगेच दोन मिनिटं मौन पाळलं गेलं. त्याचा आम्हा सगळ्यांनाच सराव.

फाटकापाशी आईने मला गाठलं. "ते सांगे मले त्या दिवसाचं. लय हासे."

"काय सांगायची?"

"म्हणे, सरानं फाडाच्या आंधी सारं वाचलं. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, मंग फाडलं."

मला हे आठवत नव्हतं. पण मी केलंच असणार. तेवढीच माझी मर्दुमकी.

तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. लेकीची शेवटची बातमी, इंग्रजीत. "इथं सारे तिच्यावर बोलले, पन तिनं काय लिव्हलं ते कोनी सांगतलं नाही. तुमी सांगा."

माझं इंग्रजी बेताचं. पायरीवर बसलो आणि अडखळत पहिलं वाक्य मराठीत सांगितलं.

"पुढं?" ती म्हणाली.