आईनं जायचं, लेकरांनी थांबायचं

फोन दादाचा होता. मी पोस्टात खिडकीवर बसले होते, समोर रांग होती. दादा कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून लगेच उचलला. "शालन गेली," एवढंच म्हणाला. मागं बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मग माणूस स्वतःशीच बोलतो तशा आवाजात तो म्हणाला, "ह्या आठवड्यात पिल्लं दुधावरनं तोडायची हुती तिची." सकाळी अंगणात चहा घेता घेता छातीत कळ आली आणि सुप्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, हे मला नंतर गावी गेल्यावर कळलं. फोनवर कळलं ते वहिनी गेल्याचं आणि पिल्लांचं. आमच्या शालनवहिनीची कुठलीही बातमी, सुखाची असो की दुःखाची, डुकराच्या पिल्लांशिवाय यायचीच नाही.

हो, डुकरं. हा शब्द मी मुद्दाम सरळ लिहिते आहे, कारण आमच्या घरात कित्येक वर्षं तो सहसा कुणी उच्चारलेला नाही. सुप्यापासून आत आमची जिरायती शेती. बाजरी, ज्वारी, पाऊस बरा झाला तर कांदा. गायी होत्या, पण त्यांचा चाराही विकत आणि उन्हाळ्यात पाणीही विकत. रस्त्याकडेच्या कारखान्यांच्या कँटीनमधलं उरलेलं अन्न रोज टेम्पो भरभरून फेकायला जाताना वहिनीनं पाहिलं आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. कुठल्याशा सरकारी प्रशिक्षणाला जाऊन आली, आणि एक दिवस दोन पांढऱ्याशुभ्र माद्या घेऊन टेम्पो दारात उभा. आमच्या आईनं कानांवर हात ठेवले. गळ्यात तुळशीची माळ, रोजचा हरिपाठ, आणि सून आणते डुकरं! "माझ्या डोळ्यांम्होरं नगं," एवढं बोलून ती आत गेली. मग शेड विहिरीपलीकडं, चिंचेच्या मागं बांधलं गेलं. आईच्या लेखी त्या जागेला नावच नव्हतं. "शालन कुठाय?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "गेली आसंल तिकडं."

मीही काही फार शूर नव्हते. नगरला ऑफिसात कुणी विचारलं की सांगायचे, भावजयीचं वराहपालन आहे. वहिनीला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "वन्सं, वराह म्हनल्यावर त्याचा वास यायचा ऱ्हातो व्हय?" तिचं हसणं मोठं, आवाज त्याहून मोठा. शेडमधून हाक मारली तर ओट्यावर ऐकू यायची. माझ्यापेक्षा ती चार-पाच वर्षांनीच मोठी. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते, आणि आम्हा दोघींचं भांडण कधी झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण अबोला कधी टिकला नाही, कारण गप्प राहणं तिला जमायचंच नाही.

सुरुवातीला सगळे करतात तसंच तीही करायची. पिल्लं आईपासून तोडली, म्हणजे दूध बंद करून वेगळी काढली, की पहिले काही आठवडे त्यांच्या खाद्यात औषधी पावडर. खाद्याच्या दुकानदारानंच तसं सांगितलेलं. दूध तुटलं की पिल्लांना हगवण लागते, बघता बघता वाळतात, मरतात. पावडर घातली की लागत नाही. एक-दोन वर्षं खरंच लागली नाही. मग एका हिवाळ्यात लागली, आणि पावडर चालू असताना लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, तीही लागू पडेनात. वहिनी रोज सकाळी मेलेली पिल्लं उचलायची आणि खड्ड्यात पुरायची. मी त्या रविवारी गेले होते. ती शेडच्या बाहेर बसली होती आणि चक्क गप्प होती. तिला तसं पाहून मला भीतीच वाटली.

डॉक्टर भला माणूस. त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं की बरं असताना रोज थोडं थोडं औषध पोटात जात राहिलं की जंतू त्या औषधाला भीत नाहीत, मग खऱ्या दुखण्यात ते कामाला येत नाही. पावडर बंद करायची तर बाकीचं सगळं फार नीट सांभाळावं लागेल, जमेल का, असंही त्यानं विचारलं. "जमवायचं," वहिनी म्हणाली. दादाचं मात्र तोंड उतरलं. त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "कर तुझ्या मनासारखं. पन पावडरीबिगर पिल्लं टिकली न्हाईत, तर समदी डुकरं इकायची. मला रोज खड्डं खांदवत न्हाईत." दादा दुष्ट नाही. त्याला मेलेलं पिल्लू बघवत नसे, एवढंच. पण त्या दिवसापासून वहिनीचं सगळं, तिचं शेड, तिच्या माद्या, तिचा तो मोठा आवाज, त्या एका गोष्टीवर येऊन ठेपलं... दूध तुटलेली पिल्लं पावडरीशिवाय जगवायची.

तिनं काय काय केलं ते मी बघत गेले. पिल्लं तोडायची घाई सोडली, त्यांना आईजवळ आणखी काही आठवडे राहू दिलं. दूध चालू असतानाच बशीत थोडी पातळ पेज ठेवायची, म्हणजे तोंडाला चव लागते. बाजरी-ज्वारीचं पीठ, शिजवून निवलेलं, त्यात आंबट ताक. पेंड अगदी बेताची. एकदम पोटभर नाही, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. कँटीनचं अन्न उकळून मोठ्यांना, पिल्लांना त्यातला घासही नाही. खाली कोरडं काड, थंडीत वाऱ्याच्या बाजूला पोत्यांचा आडोसा. एक खण रिकामा झाला की घासून, चुना मारून उन्हात तापत ठेवायचा, दुसरी पिल्लं लगेच घालायची नाहीत. आणि आजारी पडलं तर औषध द्यायचंच, डॉक्टरला बोलवायचंच, पण जे आजारी आहे त्यालाच. ती औषधाच्या विरोधात कधीच नव्हती.

पण या सगळ्याहून तिची एक रीत मला फार आवडायची. सगळीकडं पिल्लं उचलून दुसऱ्या खणात नेतात. वहिनी मादीला न्यायची. पिल्लं आपल्याच जागेत, आपल्याच भावंडांत, ओळखीच्या वासात. एका मादीची पिल्लं दुसरीच्या पिल्लांत ती मिसळू द्यायची नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "वन्सं, आमाला बघा, ऱ्हात्या घरातनं उचलून परक्याच्या घरात न्हेऊन ठिवत्यात, आन् वर म्हनत्यात, लाजू नगं, जेव पोटभर! मी हितं आले तवा पयले आठ दिस माझं प्वाट ठिकान्यावर नव्हतं, ध्येनात हाय का?" माझ्या चांगलं ध्यानात होतं, नवी नवरी सारखी टमरेल घेऊन पळते म्हणून आम्ही पोरी फिदीफिदी हसलो होतो. "म्हनून हितं उलटं," ती म्हणाली. "आईनं जायचं, लेकरांनी थांबायचं. येका येळंला येकच दुख्ख द्यावं." आणि पेजेचं घमेलं उचलून ती चालायला लागली.

पावडर बंद केल्यावरची पहिली वीण तोडली ती दिवाळीनंतर. मादीला पलीकडं नेलं आणि पिल्लांनी आकांत मांडला. तो आवाज घरापर्यंत यायचा. त्याच सुमारास शेजारी लग्न होतं, आणि वहिनी-दादा हळदीला गेले असताना आमच्या आईनं जे केलं ते तिलाच सुचू शकतं. इतकी वर्षं जिनं त्या बाजूला मान वळवली नव्हती, तिच्यानं ते रडणं ऐकवेना. लग्नघरून बुंदीची बादली आली होती. ती बादली घेऊन आई विहिरीपलीकडं गेली आणि मायेपासून तुटलेल्या लेकरांचं तोंड गोड करावं म्हणून सगळी बुंदी तिनं त्यांच्यापुढं ओतली! पिल्लांनी ताव मारला. वहिनी परतली तेव्हा आई शेडच्या दारात उभी, कौतुकानं आत बघत होती. "जेवली गं बिचारी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हगवण. दादानं पावडरीचा पुडा आणून समोर ठेवला, आता तरी घाल म्हणाला. वहिनी म्हणाली, दोन दिवस दे. तिनं खाणं बंद केलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, मग भाताची निवळ दिली. भिजलेलं काड दर थोड्या वेळानं बदलत राहिली. जी फारच मलूल झाली ती वेगळी काढून डॉक्टरकडून त्यांना इंजेक्शन दिलं. एक पिल्लू गेलं. बाकीची वाचली, आणि या वेळी इंजेक्शन लागूही पडलं. पुडा न फोडता दुकानात परत गेला, आणि डुकरं विकायचं दादानं पुन्हा काढलं नाही.

पण खरं नवल पुढंच होतं. मला वाटलं, आता सासूला चार शब्द ऐकायला मिळणार. वहिनीनं आईला शेडवर नेलं, ते गेलेलं पिल्लू दाखवलं आणि लपवाछपवी न करता सांगितलं, "आत्याबाई, बुंदीनं झालं." आईचा चेहरा एवढासा झाला. मग तिच्या हातात वाटी देत वहिनी म्हणाली, "आता पेज तुमीच घालायची. पन मी सांगीन तेवढीच, आन् मी सांगीन तवाच." आईनं ती वाटी घेतली. आंघोळ, पूजा, हरिपाठ आटोपून दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटी घेऊन हजर. पुढं कित्येक वर्षं दूध तुटलेल्या पिल्लांना पेज घालणं हे तिचं काम झालं. "तिकडं" मात्र ती तिकडंच म्हणत राहिली. "तिकडची लेकरं उपाशी हायत," असं म्हणून लगबगीनं निघायची आणि आम्ही तोंड फिरवून हसायचो.

वहिनीच्या तेराव्यानंतर मी रजा वाढवून गावी राहिले. पुण्याहून आलेला भाचा, दादाचा मुलगा, परत जाताना सांगून गेला, "पप्पा, विकून टाका सगळं, तुमच्याच्यानं होणार नाही." दादाला ना विकवत होतं ना बघवत होतं. पिल्लं मोठी होत चालली, त्यांनी दूध ओढून ओढून मादी खंगली, आता तोडणं भाग होतं. त्या सकाळी दादा सुप्याला जाऊन आला आणि पिशवीतून पावडरीचा पुडा काढला. आईनं पाहिलं. "ह्ये काय?"

"आई, तिची शेवटची पिल्लं हायत ही," दादाचा आवाज फुटला. "येक जरी मेलं तरी मला सोसायचं न्हाई. ती हुती तवर तिला जमत हुतं. आता कुनाला येतंय ते?"

"मला येतं," आई म्हणाली.

आईनं पदर खोचला, बादलीत थोडं खाद्य घेतलं आणि मादीच्या पुढं चालायला लागली. "चल माझी बाय, चल. व्हतंय आसं..." म्हातारीच्या मागोमाग ते एवढं मोठं धूड मुकाट पलीकडच्या खणात गेलं. पिल्लांचं रडणं सुरू झालं. आई पेज घेऊन बसली. ती पातळ होती, कोमट होती, ताक बरोबर होतं. पण पिल्लं तोंड लावेनात. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. दादा पुडा हातात घेऊन येरझाऱ्या घालत होता. आई दर वेळी शिळी पेज ओतून द्यायची, भांडं घासायची आणि ताजी आणायची. "आजारी पडू दे, मग डाक्टरला बोलीव," एवढंच तिचं उत्तर. वहिनी गेल्यापासून तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. बायका कुजबुजल्याही होत्या त्यावरून.

आज ती पिल्लं शेडभर उंडारताहेत. मध्ये दोघांना पातळ झालं, तेवढ्यांना डॉक्टरनं औषध दिलं, तीही सावरली. पुढची वीणही ठेवायची असं दादा परवा फोनवर म्हणाला. पण मला सांगायचं आहे ते त्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारचं. सगळ्यात बारकं पिल्लू उठलं, भांड्याशी आलं, हुंगलं... आणि प्यायला लागलं. मग दुसरं आलं. मग सगळीच एकमेकांना ढकलत आली, आणि चपचप आवाज सुरू झाला. आईचा चेहरा फुलला. ती तशीच वळली, घराकडं तोंड केलं आणि चिंचेपलीकडं ऐकू जाईल अशी मोठ्यांदा हाक मारली, "शालन, अगं शालन! जेवली गं लेकरं!"

दादानं मान खाली घातली. आई थोडा वेळ तशीच कान देऊन उभी राहिली, आणि मग मटकन खाली बसून, पिल्लं जेवत होती तिथंच, सुनेचं नाव घेऊन मोठ्यानं रडायला लागली.