सुरेखा अभद्र लिहीत नाही

सुरेखाला इंग्रजी शिकवायला घेतलं तेव्हा मी चाळिशीची होते. वर्षभरात साठीची झाले.

ही बाई नवीन जालन्यात आमच्याच गल्लीत राहते. मूळची वाटूरची. नवरा आदिनाथ स्टेशनवर ऑटो चालवतो आणि ही एका बियाणे कंपनीच्या शेडमध्ये दाणे निवडते. तेरा वर्षं निवडतेय. किडका दाणा तिच्या बोटांना न बघता कळतो. तिथली सुपरवायझर बाई जूनमध्ये निवृत्त होणार होती आणि ती जागा सुरेखाला द्यायला साहेब तयार होते. अट एकच, तोवर दहावी पास. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने बाहेरून परीक्षा दिलेली. बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. दोनदा राहिलं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून हे ध्यान माझ्या पदरात पडलं.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की ती वही घेऊन यायची. जर-तरची वाक्यं आली आणि आमचं घोडं तिथंच पेंड खायला लागलं. ‘लाईट आली तर मी मोटार चालू करीन’ याचं तिने केलं, ‘इफ द लाइट केम, आय विल स्टार्ट द मोटर.’

“अगं, केम नाही, कम्स. लाईट अजून यायचीय.”

“आल्याबिगर मोटार कशी चालू करावं, मॅडम? आधी आली, मंगच मोटार.”

आता काय डोकं फोडून घ्यायचं? मराठीत आपण उद्या येणाऱ्या लाईटलाही ‘आली’ म्हणतो, हे खरं. पण इंग्रजाला ते चालत नाही. त्याला ‘इफ’ आणि ‘व्हेन’पुढे साधा वर्तमानकाळ लागतो, आणि ‘विल’ टाकायचं ते दुसऱ्या अर्ध्यात. हे मी इतक्यांदा सांगितलं, की शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माझ्या सासूबाई, गिरिजाबाई, स्वयंपाकघरातून ओरडायला लागल्या, “विल तिकडं टाक, बाई, तिकडं!” दिवाळीनंतर सुरेखालाही ते जमलं. चूक होईना. मला वाटलं, सुटले.

कुठली सुटतेय! एक दिवस तिला अर्धं इंग्रजी वाक्य पूर्ण करायला दिलं: औषध मिळालं नाही तर पेशंट... पुढे ‘मरेल’ लिहायचं. तिने त्यातलं ‘नॉट’ खोडलं आणि पेशंटला बरा करून घरी पाठवला.

“नॉट का खोडलंस?”

“मरायचं कशाला लिहावं, मॅडम? घरात अभद्र बोलू ने. वास्तू तथास्तु म्हनती.”

“वास्तूला इंग्रजी येतं का?”

“आपुन तिच्याचसमोर शिकून राह्यलो ना.”

मी कपाळावर हात मारला. मी दीपमाला, अण्णासाहेबांची मुलगी. मांजर आडवं गेलं तर मांजराला काहीतरी काम असेल, असं वडिलांनी शिकवलेलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी वास्तुपुरुषाशी भांडत होते. समजावलं, रागावले, एकदा वही भिरकावली. पालथ्या घड्यावर पाणी! आदल्या परीक्षेत, म्हणे, बस दरीत कोसळल्याची बातमी लिहायची होती. हिने बस घाटात थांबवली, सगळ्यांना चहा पाजला आणि सुखरूप घरी पोहोचवलं. मार्क मिळाला नाही एकही.

मार्चमध्ये पेपरला मी तिच्यासोबत गेले. फाटकात दम दिला, “जे छापलंय तेच लिहायचं. मरू दे ज्याला मरायचंय.” तिने मान हलवली. तीन तासांनी बाहेर आली ती खाली बघतच. एका बाईचं घर जळाल्याचं वाक्य होतं. ते सोडलं, खालचंही तसलंच, तेही सोडलं.

“हात उठला न्हाई, मॅडम.”

माझा तोल सुटला. भर रस्त्यात ओरडले, पुन्हा माझ्या दारात वही घेऊन येऊ नकोस म्हणाले. आदिनाथ ऑटोत बसून ऐकत होता. ओरडायला नको होतं, हे मला घरी येईपर्यंत कळलं होतं. पण जाऊन सांगितलं मात्र नाही. ती आमच्या दारावरून मान खाली घालून जायची, आणि मी ती दिसतच नसल्यासारखं करायचे.

निकालाच्या दुपारी ती आली. शेडमधूनच आलेली, केसांत भुसा. मी मोबाईलवर तिचा नंबर टाकला. साईट उघडेना. आत ये म्हटलं तर येईना, उंबऱ्याबाहेरच उभी.

“मॅडम, मी नापास झाले तर तुमी मला परत शिकवाल का?”

वर्षभरात असलं वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. जागा जाईल ही भीती होतीच. पण हे बोलायला तिला भाग पाडलं ते माझ्या बंद दाराने. माझी मलाच लाज वाटली, आणि राग निघाला तो तिच्यावरच.

“शुभ बोल गं जरा!” मी खेकसले.

तेवढ्यात पान उघडलं. सोडलेल्या त्या दोन वाक्यांनी भरून निघाले असते, तेवढेच मार्क कमी. माझ्याने वाचवेना. मी मोबाईलच तिच्यापुढे धरला.

तिने पाहिलं, पदराने तोंड पुसलं.

“झाले नापास,” ती म्हणाली. “मंग आता सांगा.”