पडद्याचा ठोका आणि भिंतीवरचा डाव

त्या नाट्यगृहाची एक रीत होती. नाटक हसवणारं असो की रडवणारं, शेवटचा पडदा खाली टेकला की बास ड्रमवर एकच ठोका पडायचा. धम्म! टाळ्या त्यानंतर. आणि तो ठोका सव्वीस वर्षं एकाच माणसाच्या हातून पडत आला होता. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. तिकीट खिडकीपासून रंगपटापर्यंत सगळ्यांचे ते धडामकाका.

देह असा, की ड्रममागे उभे राहिले तर नुसता चष्मा आणि टक्कल दिसावं. पण ऐट बघावी! पडदा पडायच्या आधी उठून कोटाचं बटण लावायचं, घसा खाकरायचा, मगच दांडका उचलायचा. रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात, काळोखात, कोण बघतंय? पण बटण लागलंच पाहिजे.

अशा या काकांच्या ड्रमचं जुनं कातडं फाटलं, आणि तेही नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी. नवं कातडं आलं, चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीला काकांनी ठोका दिला आणि तरुण दिग्दर्शिका शेवटच्या रांगेतून उतरत खाली आली.

"काका, हा धम्म नाही हो, थप्प आहे. मी एक ठोका रेकॉर्ड करून आणलाय. पाचपर्यंत तुमचा जमला तर उत्तम. नाही तर आजपासून स्पीकरवरून देऊ."

ती हे इतक्या मायेनं बोलली, की काकांना जास्तच लागलं. तिनं रागवायला हवं होतं, निदान भांडता तरी आलं असतं.

ते कामाला लागले. ड्रमच्या काठाला बारा स्क्रू. एक आवळला की त्याच्या बरोबर समोरचा आवळायचा, तोही पावच फेरा. एकाच बाजूनं ओढत गेलं की कातडं रुसतं. मग प्रत्येक स्क्रूपाशी बोटानं टिचकी मारून ऐकायचं. बाराही जागा एका सुरात बोलल्या पाहिजेत. दुपारी एकला त्या बोलल्या. काका खूश झाले, ठोका दिला, आणि ऐकू आला रिकाम्या टाकीसारखा ढँव! आत उशी कोंबली तर पुन्हा थप्प. उशी तशीच ठेवून आणखी आवळलं. कानाशी बरं वाटू लागलं, पण रखवालदार मागच्या रांगेतून ओरडला, "काका, टपलीत मारल्यासारखं वाटतंय!"

तीन वाजता मागच्या दारातून काकू आल्या. गल्लीपलीकडेच तर घर.

"अहो, माझी उशी कुठाय?"

काका स्क्रूवर वाकले. रखवालदारानं ड्रमकडे बोट दाखवलं.

"अरे देवा! मी इकडे मान अवघडून बसलेय आणि ही तिकडे ड्रमच्या पोटात झोपलीय! आणि सकाळपासून हे बडवताय काय? डाव एकदासुद्धा हलला नाही."

"कुठला डाव?"

"ओट्यावरच्या भिंतीला, खिळ्याला टांगलाय तो, आमटीचा. रोज तुमचा ठोका पडला की खणखणतो, मग मी पानं घेते. तुम्हाला काय वाटलं, सव्वीस वर्षं गरम जेवण आपोआप मिळत होतं?"

काका मटकन खुर्चीत बसले. सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतःचा ठोका ऐकला होता तो हातभर अंतरावरून. लांब जाऊन तो कसा होतो, हे ठाऊक होतं ते या बाईला आणि तिच्या डावाला!

"अगं, मग जा घरी! खिडकीत उभी राहा आणि डावावर नजर ठेव."

"आधी उशी."

उशी निघाली, तिच्या जागी काकांच्या गळपट्ट्याची घडी बसली. काकू खिडकीत, रखवालदार मागच्या दारात, काका खड्ड्यात.

पहिला ठोका. रखवालदार दारातून ओरडला, "नाही म्हणतायत काकू!"

आणखी पाव फेरा आवळलं. "आता तर मानच उडवतायत!"

काका चरफडले आणि उलटे फिरले. पाव फेरा सैल. आणखी पाव. कानाशी आवाज अगदी ढिला येऊ लागला.

"अरे, हे तर म्हातारा खाकरल्यासारखं वाटतंय!"

"खाकरू द्या काका! काकू म्हणतायत थोडा हलला!"

आणखी पाव फेरा. ठोका. रखवालदार नाचतच आत आला. "काकू खिडकीतून डावच ओवाळतायत!"

पाचला दिग्दर्शिका शेवटच्या रांगेत बसली. काकांनी बटण लावलं, खाकरले, ठोका दिला. ती उठली, स्पीकरची वायर काढून नीट गुंडाळली आणि म्हणाली, "छातीत लागला काका. काकूंना आज पहिल्या रांगेत बसवा."

काकू नाट्यगृहात प्रेक्षक म्हणून पहिल्यांदाच बसल्या. पडदा टेकला, ठोका पडला, टाळ्या थांबेनात. घरी जाताना काकांना राहवेना.

"मग? कसा वाटला?"

"चांगला होता की. पण खणखणाट नाही ना, अर्धवटच वाटला. उद्यापासून मी आपली घरीच बरी."

"बरं. पण आज जेवायला काय?"

"गार आहे सगळं," काकू म्हणाल्या. "डाव ऐकायला घरी कोण होतं?"